पाऊण स्पिरिट, पाव पेंटर

थांबाबाईंनी नवऱ्याला करंट लावून त्याच्याकडून खरं काढून घेतलं, अशी बातमी त्या रविवारी संध्याकाळी आमच्या गल्लीत फिरत होती. बातमी निघाली इस्त्रीवाल्याकडून. कपडे पोचवायला तो जिना चढत होता आणि दार उघडं होतं. त्याने म्हणे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं: टेबलावर तारा, तारांना सेल, समोर पेंटरकाका घामाघूम, आणि बाई म्हणतायत, "आता खरं सांगा." पहिल्या मजल्यावर ही बातमी आली तेव्हा सेलची बॅटरी झाली होती. तळमजल्यावर पोचेपर्यंत घरातला मेन स्विच जोडला गेला होता, आणि कोपऱ्यावरच्या दुकानात तर काकांचे केस उभे राहिलेलेही कुणीतरी पाहिले होते. काकांना केस नाहीत, ही अडचण कुणाच्या लक्षात आली नाही.

आमची भिंत त्यांच्या भिंतीला लागून, म्हणून लोक खात्री करायला माझ्याकडे आले. मी लगेच काही बोललो नाही. अशी बातमी रोज रोज येत नाही, तिला जरा फिरू द्यावं. पण आता लिहायलाच बसलोय तर खरं सांगतो. करंट लावला होता तो पाण्याला, तोही टॉर्चच्या दोन सेलचा. इतका करंट मुंगीलाही गुदगुल्या करणार नाही. खरं मात्र नवऱ्याच्याच तोंडून बाहेर पडलं, तेवढं इस्त्रीवाल्याचं बरोबर.

बाई शाळेत विज्ञान शिकवतात आणि शाळेची प्रयोगशाळा त्यांच्या ताब्यात आहे. ताब्यात म्हणजे कशी, तर किल्ली कमरेला आणि धाक सगळ्या मजल्यावर. मीही त्यांच्याच हाताखालून गेलोय, म्हणून पन्नाशीच्या उंबरठ्यावरही त्या मला "अरे" म्हणतात आणि मी पायातली चप्पल सरळ करून उभा राहतो. "थांबा" हा त्यांचा आवडता शब्द. रंग नसलेलं काहीही समोर आलं की त्या ते आधी उजेडाकडे धरणार, हलवणार, तिरपं करून बुडबुडा कसा चढतो ते बघणार, हाताने वारा घालून लांबूनच वास घेणार, आणि मग ठरवणार. लग्नकार्यात पाण्याचा ग्लास दिला तरी हेच. वाढणारा बिचारा ट्रे धरून ताटकळत उभा. "वास हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नाही," हे त्यांचं वाक्य मी पोरवयात पाठ केलं ते अजून विसरलेलो नाही. बाकी सगळं विज्ञान विसरलो.

हा शब्द त्यांना नवऱ्यानेच मिळवून दिला. पेंटरकाका तरुणपणी शाळेच्या भिंतीवर सुविचार रंगवायला आले होते. ब्रश धुवायचं टर्पेंटाइन त्यांनी ओतून ठेवलं पाणी प्यायच्या ग्लासात, आणि दुपारी उन्हातून शिडी उतरले ते सरळ ग्लास उचलून तोंडाला लावायला. नव्यानेच नोकरीला लागलेल्या बाई व्हरांड्यातून जात होत्या. त्यांनी लांबूनच ओळखलं, कारण ग्लास हलला तेव्हा आतलं पाणी पाण्यासारखं हललं नाही. त्या म्हणाल्या, "थांबा." बायको नवऱ्याशी बोलली तो हा पहिला शब्द. काका थांबले ते थांबलेच. त्या भिंतीवरचा सुविचार अजून अर्धा आहे.

काका मनाने लोणी आणि डोक्याने कलाकार. पाटी रंगवणं हा त्यांचा धंदा, पण एकसारखेपणा हा त्यांचा आजार. आमच्या दारावरची माझी पाटी अर्धा बोट तिरकी होती, तर हा माणूस दोन वर्षं नजर वळवून जिना चढत होता. शेवटी मी गावाला गेलो असताना त्यांनी ती सरळ करून टाकली.

तर झालं असं. यंदा बाईंच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन चांगलं झालं, पण काही दिवस दिव्याभोवती पांढरं कडं दिसायचं. डॉक्टर म्हणाले, जाईल हळूहळू. मुख्याध्यापिकाबाईंनी मात्र ते फार मनावर घेतलं. त्या भेटायला आल्या, फळं आणली, आणि जाता जाता गोड आवाजात म्हणाल्या, "यंदाचं प्रॅक्टिकल नव्या बाईंनी घेतलं तर? तुमच्या डोळ्यांना उगाच त्रास नको." बाहेरून परीक्षक यायचे होते आणि प्रॅक्टिकल होतं अनोळखी द्रव ओळखायचं: बिनरंगाचं काहीतरी मुलांपुढे ठेवायचं आणि ते काय आहे हे त्यांनी तपासून सांगायचं. सगळी मदार बघण्यावर. बाई म्हणाल्या, "सोमवारी प्रॅक्टिकल मीच घेणार. माझा डोळा चुकतोय असं मला वाटलं, तर मीच फोन करून सांगेन. तुम्हाला सांगायची वेळ येणार नाही."

मुख्याध्यापिका हो म्हणाल्या. बाई बहिणीकडे दोन दिवस विश्रांतीला गेल्या. आणि काकांना वाटलं, हिला काहीतरी छान भेट द्यावी.

शाळेत खोल्यांच्या पाट्या रंगवायचं काम तेव्हा काकांकडेच होतं. प्रयोगशाळेत त्यांनी पाहिलं, तर परीक्षेच्या आठ बाटल्यांवरची लेबलं पिवळी पडलेली, कोपरे उचकटलेले, शाई फुटलेली. ॲसिडच्या बाटल्या वेगळ्या कपाटात, कुलुपात, त्यांची नावं काचेतच कोरलेली; त्यांना कुणी हात लावत नाही. पण या आठ निरुपद्रवी. काकांनी त्या क्रेटमध्ये घालून घरी आणल्या. आठही नावं कागदावर व्यवस्थित उतरवून घेतली: डिस्टिल्ड पाणी, मिठाचं पाणी, साखरेचं पाणी, व्हिनेगर, स्पिरिट, ॲसिटोन, ग्लिसरीन, टर्पेंटाइन. मग आठही बाटल्या कोमट पाण्याच्या टबात बसवल्या आणि जुनी लेबलं अलगद सोडवली. मग दोन दिवस खपून आठ लेबलं अशी रंगवली की बघत राहावं. वेलांट्या तर अशा, की त्यांच्यावर पक्षी बसावा.

शनिवारी दुपारी लेबलं वाळली. काका डिंक घेऊन बाटल्यांपुढे बसले आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की सगळ्या बाटल्या सारख्याच दिसतात.

मी गॅलरीतून विचारलं, "काय काका, काय बिघडलं?"

"नावं सगळी लिहून घेतली होती रे," काका म्हणाले. "कुठलं कुणाचं ते लिहायचं राहिलं."

एक बाटली त्यांनी वासावरून ओळखली, टर्पेंटाइन. त्यात अर्धं आयुष्य गेलेलं. बाकी सातांपुढे ते हात जोडून बसले होते, आणि त्याच वेळी रिक्षा थांबली आणि बाई उतरल्या.

पुढचा अर्धा तास मी भिंतीला कान लावून बसलो होतो, पण काही ऐकू आलं नाही. बाई चिडल्या की आवाज कमी होतो त्यांचा. शाळेत असताना ज्या दिवशी त्या कुजबुजायच्या, त्या दिवशी मागचा बाक रिकामा व्हायचा.

रविवारी सकाळी मी पेपर मागायच्या निमित्ताने आत शिरलो. पेपर आमच्याकडेही येतो, पण ते असो. जेवणाच्या टेबलावर शाळेचा तराजू, काचेची पट्टी, काचेची कांडी, आणि लाकडी पेटीतला एक मीटर, त्याला दोन सेल आणि दोन पेन्सिलींची शिसं जोडलेली. काका कोपऱ्यातल्या स्टुलावर, शिक्षा झालेल्या पोरासारखे.

"आलास? बस," बाई म्हणाल्या. "हात लावायचा नाही, आणि गावभर सांगायचं नाही."

पहिलं मी पाळलं.

बाईंची पद्धत बघण्यासारखी होती. एक इवलीशी औषधाची बाटली होती. ती काठोकाठ भरायची, तोलायची, रिकामी करून वाळवायची, पुढचं भरायचं. बाटली तीच, माप तेच, त्यामुळे कोण भारी आणि कोण हलकं ते लगेच कळतं. एकाने तराजू असा खाली नेला की मीही म्हणालो, "हे ग्लिसरीन." बाईंनी तेवढ्यावर भागवलं नाही. त्यात काचेची कांडी बुडवली, तर बुडालेला भाग जवळपास नाहीसाच झाला, जणू कांडी अर्धीच होती. मग बाटली तिरपी केली. आतला बुडबुडा सरकारी कचेरीतल्या फाइलसारखा वर चढला. तेव्हा कुठे म्हणाल्या, "ग्लिसरीन."

मग काचेच्या पट्टीवर एकेक थेंब. एक थेंब ठेवेपर्यंत उडून गेला. त्याच्यावर त्यांनी आमच्या हिच्याकडून आणलेल्या नेलपॉलिशची परीक्षा घेतली. पॉलिश वितळलं. ॲसिटोन पास. मग मीटर. पेन्सिलींची टोकं एका बाटलीत बुडवली तर काटा ताडकन उठून उजवीकडे गेला: मिठाचं पाणी. दुसऱ्यात काटा ढिम्म. ते पाण्याहून जड, आणि थेंब वाळल्यावर बोटाला चिकट. साखर. तिसऱ्यात काटा थोडा सरकला आणि वास नाकात गेला. व्हिनेगर. टर्पेंटाइन काकांनी ओळखलेलंच होतं, तरी बाईंनी ते पाण्याच्या पेल्यात टाकलं आणि वर तरंगतंय हे बघितल्याशिवाय लेबल लावू दिलं नाही.

"अगं, मी सांगितलं ना," काका म्हणाले.

"तुम्ही आणखीही बरंच सांगितलंयत," बाई म्हणाल्या.

उरल्या दोन बाटल्या. लेबलंही दोनच उरलेली: स्पिरिट आणि डिस्टिल्ड पाणी. मला वाटलं, झालं काम. एकाला वास येतो, एकाला येत नाही. लावा डिंक आणि चहा टाका. पण बाई उठेनात.

एकाला स्पिरिटचाच वास होता. पण तराजू म्हणत होता की ते स्पिरिट नाही. स्पिरिट ॲसिटोनइतकंच हलकं असायला हवं, आणि हे भरलं टर्पेंटाइनइतकं जड. आणि टर्पेंटाइन तर नक्कीच नव्हतं, कारण ते पाण्यात चटकन मिसळलं. बाईंनी तीनदा तोललं. तराजूचं पारडं पुसलं, बाटली पुसली, मलाही जरा लांब बसायला सांगितलं, कारण माझा श्वास लागत होता म्हणे.

दुसरी बाटली त्याहून वाईट. वजन बरोबर पाण्याचं. पण डिस्टिल्ड पाण्यात काटा हलतच नाही, आणि इथे हलत होता. जरासाच, पण हलत होता. शेवटी त्यांनी दोन्हींचा एकेक थेंब पट्टीवर ठेवला आणि खिडकीच्या उन्हात वाळू दिला. डिस्टिल्ड पाण्याने मागे काही ठेवू नये, स्पिरिटने तर नाहीच नाही. थेंब वाळले. बाई वाकून बघत राहिल्या. मग चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला, परत वाकल्या.

"अहो," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "इथे पांढरं कडं दिसतंय का तुम्हाला? दोन्ही ठिकाणी?"

काका उठले, वाकले, बघितलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. पाटीत एक अक्षर गाळल्याचं गिऱ्हाइकाने दाखवावं तसा तो चेहरा झाला. आणि ते म्हणाले, "नाही बुवा."

मी बसलो होतो टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, तिथून पट्टीवर नुसतं ऊन चमकत होतं. मला कुणी विचारलंही नाही.

बाई खुर्चीत मागे टेकल्या. नेहमी ताठ बसणाऱ्या बाई अशा टेकलेल्या मी पहिल्यांदाच बघितल्या. "मग डोळाच आहे," त्या म्हणाल्या. "दिव्याभोवती दिसायचं ते आता थेंबाभोवती दिसतंय. आणि डोळाच असा असेल तर तराजूचा काटा तरी मी बरोबर कशावरून वाचतेय?"

"बाई, सोडा ना," मी म्हणालो. "दोन्ही मोरीत ओता. उद्या शाळेत नवीन भरा. कोण विचारतंय?"

"पोरं विचारतील," त्या म्हणाल्या. "एखादी पोरगी काच घेऊन येईल, म्हणेल, बाई, हे कडं कसलं? कडं आहे की नाही हेच मला कळत नसेल, तर तिला मार्क मी कशाचे देऊ? बाटली बदलता येते रे. मी शब्द दिलाय. माझा डोळा चुकला तर मीच सांगेन असं म्हटलं होतं ना? फोन दे तो."

फोन टीव्हीवर होता. मी जागचा हललो नाही, तेव्हा त्या स्वतःच उठल्या. मुख्याध्यापिकेचा नंबर त्यांना पाठ. त्यांनी दोन आकडे दाबले असतील नसतील.

"कडं मलाही दिसतंय," काका म्हणाले.

बाई थांबल्या. फोन हातात, तसाच.

"दोन्ही ठिकाणी," काका म्हणाले. "चांगलं ठसठशीत दिसतंय. चुन्याने काढल्यासारखं."

आणि हे ते वाक्य, जे इस्त्रीवाल्याने जिन्यातून ऐकलं. बाईंनी फोन ठेवला, टेबलापाशी आल्या आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "आता खरं सांगा. काय केलंत?"

काकांनी मान खाली घातली. "त्या दोन बाटल्या जरा कमी भरलेल्या होत्या. एक खांद्यापर्यंत, एक त्याच्याही खाली. बाकी सगळ्या गळ्यापर्यंत. ओळीत ठेवल्या तर फार वाईट दिसत होतं गं."

"म्हणून?"

"म्हणून पातळी एक करून टाकली."

"कशाने?"

"पाण्याने. आत पाण्यासारखंच तर दिसत होतं."

"नळाच्या?"

"नळाच्याच," काका म्हणाले. "स्वच्छ होतं. मी भांडं विसळून घेतलं होतं."

जिन्यात इस्त्रीवाल्याने गठ्ठा या हातातून त्या हातात घेतला, तो आवाज आत आला. मला वाटलं, आता कुजबुज सुरू होणार आणि मागचा बाक रिकामा करावा लागणार. मी खुर्ची सरकवलीसुद्धा.

बाई वळल्या. स्वयंपाकघरात गेल्या, नळाचं पाणी पेल्यात घेऊन आल्या, त्याचा एक थेंब पट्टीवर ठेवला, उन्हात सरकवला. पेन्सिलींची टोकं पेल्यात बुडवून काटा किती हलतो ते बघितलं, डिस्टिल्डच्या बाटलीत कमी का हलला याचा हिशेब मनाशी केला. नवऱ्याने कबुली दिली म्हणून ती खरी धरतील तर त्या बाई कसल्या. थेंब वाळेपर्यंत आम्ही तिघं लग्नाच्या मुहूर्ताला उभं राहावं तसे उभे होतो. वाळला. कडं आलं. तसंच पांढरं, त्या दोघांपेक्षा जरा जाड.

"नळातला क्षार," बाई म्हणाल्या. त्या परत वाकल्या, या वेळी चष्मा न पुसता. मग सरळ झाल्या आणि हसायला लागल्या. हसता हसता खुर्चीत बसल्या. काकांना कळेना की आपणही हसावं की कान पकडावेत, म्हणून त्यांनी दोन्ही थोडं थोडं केलं.

"मला वाटलं तू आणखी चिडशील," काका म्हणाले. "आधीच लेबलांचं झालेलं. म्हणून म्हटलं, नाही दिसत."

"आणि मी फोन केला असता म्हणजे?"

"तेच तर. चिडलेली चालशील. घरी बसलेली नाही चालणार."

यावर बाईंनी त्यांच्याकडे फक्त बघितलं. तो बघण्याचा प्रकार मला ठाऊक आहे. आमच्याकडे तो वर्षातून एखाददुसऱ्या वेळी होतो, तोही चुकून. मी खिडकीबाहेरच्या तारेवरचे कावळे मोजले.

मग त्या एकदम शिक्षिका झाल्या. कागद ओढला, वजनावरून आकडेमोड केली, आणि काकांना म्हणाल्या, "ब्रश आणा. स्पिरिटचं लेबल फाडू नका, ते उद्या नव्या बाटलीला लागेल. या बाटलीला वेगळं करा. लिहा: पाऊण स्पिरिट, पाव पेंटर."

काकांनी ते रंगवलं. हुबेहूब बाकीच्या लेबलांसारखं, वेलांट्यांसकट. थोडं कमी सुंदर काढावं, एवढी अक्कल त्यांना अजूनही आलेली नाही.

सोमवारी प्रॅक्टिकल झालं. डिस्टिल्ड पाणी शाळेच्या यंत्रातून ताजं, स्पिरिट नव्या डब्यातलं, आणि सगळ्या आठ बाटल्यांची तपासणी बाईंनी सकाळी परीक्षकांसमोर पुन्हा करून दाखवली. नववी बाटली त्यांच्या स्वतःच्या टेबलावर. परीक्षकांनी लेबल वाचलं, दोनदा वाचलं आणि विचारलं, "हे काय?" बाईंनी सगळं सांगितलं, नवऱ्याचं नाव न लपवता. परीक्षक म्हणे इतके हसले की मुलांना दहा मिनिटं उशिरा सुरुवात करावी लागली. नव्या बाईंनी ती बाटली मागून घेतली, पुढच्या वर्षी हुशार मुलांपुढे ठेवायला. मुख्याध्यापिका दारातून डोकावून गेल्या आणि डोळ्याबद्दल काही बोलल्या नाहीत.

हे सगळं मला कळलं ते संध्याकाळी, दोघांना चहाला बोलावलं तेव्हा. घरात ही नव्हती, त्यामुळे चहा मीच केला होता. कप गॅलरीच्या कठड्यावर ठेवले. काका माझ्या दाराची पाटी परत एकदा डोळ्याने मोजत होते. बाई गॅलरीत आपल्या घराच्या बाजूला उभ्या होत्या, अजून शाळेची साडी बदललेली नव्हती.

मी म्हणालो, "बाई, एक विचारू का? काल मोठ्या तोऱ्यात डोळा गेला म्हणत होतात, घरी बसणार होतात. मग आज नक्की काय ठरलं? डोळा आहे की गेला?"

बाईंनी कठड्यावरचा कप उचलला नाही. तिथूनच बघितला आणि म्हणाल्या, "तुझ्या चहात पाणी जास्त झालंय, ते मला इथूनच दिसतंय. आता सांग, डोळा आहे की गेला?"